ऐकू येतं, पण ऐकत नाही

गोंदियात मी जिथे काम केलं, तिथला जिना अरुंद होता. तो चढून वर आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असायचं. "मॅडम, हा आयकत नाही." यातला 'हा' कधी कडेवरचं पोर असायचा, कधी हाताला धरून आणलेला म्हातारा, तर कधी चांगला धडधाकट नवरा. वाक्य मात्र तेच.

लोक मला कानाची डॉक्टर म्हणत. मी डॉक्टर नव्हे. कान फुटला, मळ साचला, पडदा फाटला, तर ते डॉक्टरांचं काम. आमचं काम त्यानंतरचं. माणसाला किती ऐकू येतं ते मोजायचं, गरज असेल तर यंत्र लावायचं, आणि यंत्र लावल्यावर पुढे काय करायचं ते शिकवायचं. मोजायला एक छोटी खोली असते, भिंतींना आतून गादीसारखं काहीतरी लावलेलं. माणसाला आत बसवून कानावर हेडफोन चढवतात आणि बारीक बारीक आवाज सोडतात. आवाज आला की त्याने बोट वर करायचं. इतकं साधं. आमची खोली रेल्वेपासून फार लांब नव्हती. मालगाडी निघाली की तिची घरघर जमिनीतून वर यायची, मग आम्ही दोघंही, आतला आणि बाहेरची मी, ती जाईपर्यंत गप्प बसून राहायचो.

मी तिरोड्याच्या मराठी शाळेतली. नागपूरला शिकायला गेले तेव्हा इंग्रजी वाचता यायचं, कळायचं निम्मं. पहिल्याच आठवड्यात एका सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'हिअर' आणि 'लिसन', आणि विचारलं, फरक काय? मी शब्दकोश उघडला. दोन्हींसमोर लिहिलं होतं, ऐकणे. मी तसंच सांगितलं. सर वर बोट दाखवून म्हणाले, "वर पंखा खडखडतोय. सकाळपासून खडखडतोय. तुम्हाला तो हिअर होतच होता. मी आत्ता सांगितल्यावर तुम्ही तो लिसन केलात. पहिलं कानाला होतं. दुसरं माणूस करतो." तास संपेपर्यंत मला पंख्याशिवाय दुसरं काही ऐकू आलं नाही.

मोठी मजेची गोष्ट म्हणून मी ते लिहून घेतलं. पुढचं सगळं आयुष्य त्या दोन शब्दांच्या मधल्या जागेत जाणार आहे, हे तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं.

आपल्या भाषेत 'ऐक' म्हणजे आवाज कानात घे असंही, आणि सांगितलेलं कर असंही. त्यामुळे 'आयकत नाही' म्हणून आलेल्या माणसाचं नेमकं काय बिघडलंय हे मोजल्याशिवाय कळत नसे. एकदा धान्य बाजारातले एक व्यापारी आपल्या वडिलांना घेऊन आले. घरात सगळे हिंदी बोलणारे. "बाबूजी बिलकुल सुनते नहीं," मुलगा म्हणाला, आणि त्यांच्या दुकानातल्या, घरातल्या, जेवणाच्या ताटावरच्या दहा गोष्टी सांगितल्या. मी बाबूजींना खोलीत बसवलं. अगदी बारीक आवाजालाही त्यांचं बोट वर. त्या वयात इतके चांगले कान मी क्वचित पाहिले. मुलगा बाहेर गेल्यावर मी त्यांना हळूच विचारलं. ते हसले. "सुनाई तो सब देता है, बेटी. सुनता नहीं हूँ." हिंदीत हा फरक किती सहज करता येतो, याचा मला हेवा वाटला. मुलाला मी सांगितलं की कान उत्तम आहेत, यंत्राची गरज नाही. त्याचा चेहरा पडला.

दुसरं उदाहरण एका राइस मिलमध्ये जन्म काढलेल्या बिसनजींचं. मिलच्या आवाजाने त्यांच्या कानातला वरचा, बारीक सुरांचा भाग गेला होता. असा माणूस बहिरा नसतो. "आवाज येते, बोल समजत नाही," ते म्हणायचे, आणि ते अगदी बरोबर वर्णन आहे. यंत्र लावलं आणि आठच दिवसांत ते काढून हातात घेऊन आले. "यात कचराच लय येते, मॅडम. भांडे आपटते, पंखा फिरते, ऑटो जाते, सारं एकावर एक." मी त्यांना समजावलं की यंत्र निवड करत नाही. ते सगळंच आत आणून टाकतं. निवडायचं काम डोक्याचं, आणि डोक्याची ती सवय इतक्या वर्षांत मोडली आहे. रोज दुपारी थोडा वेळ दार लावून बायकोशी बोलत बसा, मग हळूहळू दार उघडा. त्यांनी खरंच केलं. पावसाळा संपता संपता आले ते यंत्र कानात घालूनच. "तांदूळ निवडल्यासारखा आवाज निवडून राहिलो," म्हणाले. त्यांच्या बायकोची तक्रार वेगळी होती. आता हे मधे बोलायला लागले.

हे सगळं मोठ्यांचं. त्यांनी ऐकण्याची कला एकदा शिकलेली असते, ती फक्त परत आठवायची असते. जन्मतःच ज्याच्या कानात काही शिरलेलं नाही, त्याची गोष्ट निराळी. ती मला रोशनीने शिकवली.

रोशनी नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावातली. वडील दिलीप कुमरे वनखात्याच्या कामावर, उन्हाळ्यात वणवा अडवणाऱ्या जाळरेषा साफ करायच्या, पाणवठे भरायचे, वनरक्षकाबरोबर गस्तीला जायचं. आई सविता थोडीशी धानाची शेती बघायची. पोरगी तीन वर्षांची होत आली तेव्हा ते पहिल्यांदा जिना चढून आले. सविता म्हणाली, "हे आयकत नाही, मॅडम. वीज कडाडली तरी झोपूनच रायते."

लहान मुलांना बोट वर करा असं सांगता येत नाही. त्यांना आईच्या मांडीवर बसवायचं, समोर खेळणं धरायचं आणि मागून आवाज करायचा. मी मागून खुळखुळा वाजवला, मग घंटा, मग ढोल. ढोल असा वाजवला की खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला. रोशनी माझ्या सहकारी बाईच्या हातातल्या लाल चेंडूकडे बघत राहिली. तिची पापणीसुद्धा हलली नाही. अशा वेळी आईबापांना जे ठाऊक असतं तेच त्यांच्यासमोर सिद्ध झालेलं असतं.

नागपूरला तिचं ऑपरेशन झालं. कानाच्या आत एक बारीक तार बसवतात, आणि बाहेर कानामागे यंत्र. यंत्रातून निघालेली एक चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटते. यंत्र आवाजाचे विजेचे संकेत करतं आणि आतली तार ते थेट नसेला देते. जखम भरल्यावर यंत्र पहिल्यांदा चालू करतात. मोबाइलवर लोक त्या क्षणाचे व्हिडिओ बघतात, बाळ आईचा आवाज ऐकून हसतं वगैरे. रोशनी घाबरून किंचाळली आणि चकती उपटून फेकली. दिलीप मला सांगत होता, "ते रडली तं तिथले सारे टाळ्या वाजवून राहिले. मले समजेच ना का हासू का रडू."

त्यानंतर शिकवायला ती माझ्याकडे यायला लागली. आठवड्यातून एकदा, बसने. चकती आता ती काढत नव्हती. पण मी मागून हाक मारली तर वळत नव्हती. आई दिवसभर तिच्याशी बोलत होती, कारण मीच सांगितलं होतं की बोलत राहा. कुठल्या भाषेत, असं दिलीपने विचारलं होतं, कारण घरात आजी गोंडी बोलायची आणि हे दोघं इकडची झाडीबोली. मी म्हटलं, ज्या भाषेत तुम्ही तिच्यावर रागावता आणि लाड करता त्या भाषेत. तर घरात दोन्ही भाषा चालू, टीव्ही चालू, शेजारपाजारचे येऊन "रोशनी, ए रोशनी" करणार ते चालू. पावसाळा गेला, धान कापून झालं, थंडी पडली. रोशनी भिंतीसारखी.

माझ्या मनात एक दुसरी मुलगी सतत असायची. काही वर्षांपूर्वी आलेली, अकरा वर्षांची, देवरी भागातली. हुशार, डोळे टपोरे. तिच्या आईला कुणीतरी ऑपरेशनचं सांगितलं होतं आणि ती आशेने आली होती. मला सांगावं लागलं की उशीर झाला. मेंदूत आवाजासाठी राखलेली जागा फार वर्षं रिकामी राहत नाही, दुसरी कामं तिथे येऊन बसतात. ती मुलगी पुढे नागपूरला खुणांची भाषा शिकली, आणि ती पूर्ण भाषा आहे, त्यात काही कमी नाही. पण तिच्या आईने जिना उतरताना मागे वळून विचारलेलं, "आधी कोनी सांगतलं काऊन नाही?" हे माझ्याबरोबर राहिलं. रोशनीचे दिवस जात होते ते मला त्यामुळे जास्त दिसत.

एके दिवशी दिलीप एकटाच आत आला. सविता मुलीला घेऊन बाहेर बाकावर बसली होती.

"मॅडम, खरं सांगा. हे मशीन चालते का नाही?"

मी रोशनीला आत बोलावलं. यंत्र संगणकाला जोडून दाखवलं, सगळं ठीक होतं. मग मागून ढोल वाजवला. तिची पापणी फडफडली. हलक्या हाताने वाजवला. पुन्हा फडफडली. पण तिने मागे वळून पाहिलं नाही, तिचा चेहराही बदलला नाही.

"बघा, तिला ऐकू येतं," मी म्हटलं.

"मंग आयकत काऊन नाही?"

तो चिडलेला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मला फळ्यावरचे ते दोन शब्द आठवत होते, जे त्याला सांगून काही उपयोग नव्हता. मी विचारलं, "दिलीपभाऊ, गस्तीला जाता तेव्हा जंगलात तुम्हाला काय काय ऐकू येतं?"

"सारंच येते. पानं वाजते. पाखरं बोलते. आपलेच पाय वाजते."

"ते सगळं ऐकता तुम्ही?"

"नाही ना. ते येत रायते." मग म्हणाला, "वानर खोकलला, का सांबर ओरडला, का पाय थांबते. मंग कानोसा घेतो. कुठून आला, काऊन ओरडला."

कानोसा. मी इतकी वर्षं या दोन इंग्रजी शब्दांना मराठी शोधत होते, आणि हा शब्द माझ्या तोंडात लहानपणापासून होता.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"बापानं." तो म्हणाला, "तसा तो बोलत नव्हता लय. चालता चालता मधीच थांबे. कानापाशी बोट नेई. मंग मी पन थांबो."

खाली रोशनी चटईवर बसून ठोकळे एकावर एक रचत होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

"म्हंजे हिले कोनी थांबवलंच नाही," तो म्हणाला.

मला कबूल करायला हवं की आमच्या पुस्तकात हा पहिलाच धडा आहे. आवाज झाला की थांबा, कानाकडे बोट करा, मुलाला आवाज जिथून आला तिथे न्या, दाखवा. मी तो त्यांना समजावून सांगितला होता, करूनही दाखवला होता. पण माझ्या खोलीत ते एक तंत्र होतं. दिलीपसाठी त्या दिवशी ते त्याच्या बापाचं थांबणं झालं. त्यानंतर पुढच्या वेळी सविताने येऊन सांगितलं की यांनी टीव्ही बंद करून टाकला, शेजाऱ्यांना हाका मारू नका म्हणून सांगितलं, आजीलाही. घरात एका वेळी एकानेच बोलायचं. गाडी आली की दिलीप हातातलं काम सोडून थांबतो, कानापाशी बोट नेतो, पोरीचं तोंड आपल्याकडे वळेपर्यंत तसाच उभा राहतो, मग तिला उचलून गाडीपाशी नेतो. कोंबडा आरवला, थांबला. विहिरीवर मोटार सुरू झाली, थांबला. "कामं होऊनच नाही राहिले, मॅडम," सविता म्हणाली, पण तक्रारीच्या सुरात नव्हे.

असे आठवडे गेले. मग मार्च महिन्यात ते एका आठवड्याला आलेच नाहीत. फोन लागेना. दुसऱ्या आठवड्यालाही नाहीत. आमच्या कामात हे नेहमीचं असतं, आणि त्याचा अर्थही नेहमीचा असतो, घरच्यांनी नाद सोडला. मी तिच्या वेळेला दुसऱ्या मुलाला शिकवायला घेतलं.

त्यानंतरच्या सोमवारी दिलीप मुलीला कडेवर घेऊन दारात उभा. "मोहाचा मौसम हाये, मॅडम. सारं गाव पहाटे झाडाखाली. म्हनून नाही आलो." मी बसा म्हटलं तरी बसला नाही. त्याला काहीतरी सांगायचं होतं.

"तिले पन नेत होतो आम्ही. झाडाखाली झाडून ठेवलेली जागा, तिथं हे बसे. परवा आम्ही दोघं फुलं वेचून राहिलो होतो. पाहतो तं हे उभी. अन् कानाले बोट."

त्याने स्वतःचं बोट कानाला लावून दाखवलं.

"मले वाटलं कोनी जनावर. मी थांबलो. काहीच नाही. वारा नाही, पाखरू नाही. मी तिच्याकडं पाहो, ते माह्याकडं पाहे. मंग तिनं वर बोट दाखवलं, मंग खाली. मी तरी समजलो नाही. सविता म्हने, फुल पडलं नं जी. फुल पडून राहिलं."

झाडलेल्या जागेवर मोह पडला तर आवाज जवळजवळ होत नाही. पण झाडाची एक फांदी पाचोळ्यावर गेलेली होती. तिथे एकेक फूल पडत होतं. टप. बराच वेळ काही नाही. मग टप.

"मॅडम, मी जलमापासून मोह वेचून राहिलो," दिलीप म्हणाला. "तो आवाज मले येतच असन. येत नसन कसा? पन मी त्या दिवशी पयल्यांदा आयकला. आम्ही तिघंही उभे होतो तिथं. उन आलं तरी उभे होतो."

तो फक्त मोठ्या आश्चर्याने बोलत होता, जंगलात काही नवं दिसलं की माणूस जसा घरी येऊन सांगतो तसा.

मी रोशनीला चटईवर बसवलं. ठोकळे दिले. ती खेळायला लागली. मी तिच्या मागे, हाताच्या अंतरावर नाही, पार दाराशी जाऊन उभी राहिले. ढोल घेतला नाही. कुजबुजीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात म्हटलं, "रोशनी."

तिचा हात ठोकळ्यावर थांबला. मान जराशी तिरकी झाली. आणि मग ती वळली.

किती मुलांच्या पाठीमागे उभी राहून मी नावं घेतली असतील, त्याची गणती नाही. त्यातली बरीच वळली. तरीही प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो, आणि तो का येतो हे मला अजून नीट सांगता येत नाही. मशीनने आवाज आत नेला, हे मला समजतं. नसेने तो मेंदूपर्यंत पोचवला, हेही समजतं. पण त्यानंतर आत कुणीतरी हातातलं काम थांबवतं आणि आपल्याकडे वळून बघतं. ते कोण, आणि ते नेमकं केव्हा जागं होतं, हे कुठल्याही रिपोर्टवर दिसत नाही. माझ्या सरांनी त्याला 'माणूस' म्हटलं होतं. मला अजून त्याहून चांगला शब्द सापडलेला नाही.

पुढचं सगळं सोपं होतं असं नाही. शब्द यायला वर्ष गेलं. पहिला शब्द 'गाडी', दुसरा 'नाही', आणि 'नाही' तिला इतका आवडला की बरेच दिवस तिसरा आलाच नाही. आजही तिचा 'स' नीट येत नाही, वर्गात गोंगाट झाला की तिला कळेनासं होतं, आणि गावात वीज गेली की यंत्राच्या चार्जिंगसाठी दिलीपला धावपळ करावी लागते. पण ती गावातल्याच शाळेत जाते, आणि मास्तरांची तक्रार आहे की ती फार बोलते.

मी निवृत्त झाले त्यानंतरच्या मोहाच्या मौसमात सविताने फोन करून बोलावलं. आदल्या दिवशी जाऊन राहिले. पहाटे उजाडायच्या आधीच आम्ही निघालो. झाडाखाली हवेत गोड, जड वास होता, आणि जमीन फिकट पिवळ्या फुलांनी भरलेली. दिलीप आधीच वाकून वेचत होता. मी आणि सविता बोलत उभ्या होतो. गोंदियाचं काय, माझ्या गुडघ्याचं काय, तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न कुठे ठरलं, असं. बऱ्याच वर्षांनी भेटल्यासारखं बोलत होतो.

रोशनी टोपली खाली ठेवून आमच्यात आली. तिने माझा हात धरून ओढला.

"मॅडम, चूप राहा," ती म्हणाली. "आयका."

मी बोलायची थांबले. सविताही थांबली. दिलीप वाकलेला होता तसाच राहिला. माझे कान आता साठीचे झाले आहेत, वरचे बारीक सूर मला स्वतःलाच कमी येतात, हे मी मोजून पाहिलेलं आहे. पहिल्यांदा मला काहीही आलं नाही. मग लांब कुठेतरी एक पक्षी बोलला, तो नव्हे. मग आमच्या मागच्या पाचोळ्यावर काहीतरी पडलं. अगदी हलकं, जेमतेम पडलं न पडलं असं.

रोशनी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली. तेव्हा कुठे तिने टोपली उचलली आणि ती पुढे गेली.